सरकार संस्थांना पैसे कशाचे देते?

प्रश्न : ग्रामविकासासाठी सरकारकडे ग्रामसेवकापासून कृषी खात्यापर्यंत सगळी यंत्रणा आहे. मग स्वयंसेवी संस्थांना अनुदान कशासाठी? आणि पूर्वी ज्या 'कपार्ट'चे नाव सारखे कानावर यायचे, तिचे पुढे काय झाले?

उत्तर : कपार्टचे आधी सांगून टाकतो. दोन जुन्या संस्था एकत्र करून केंद्र सरकारने 1986 मध्ये ती उभी केली. ग्रामीण विकास मंत्रालयाचा पैसा खेड्यांत काम करणाऱ्या संस्थांपर्यंत थेट पोहोचवायचा, हे तिचे काम. पुढे कागदावरच्या संस्था आणि खोटे हिशेब यांमुळे शेकडो नावे काळ्या यादीत गेली. शेवटी मे 2020 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्थेत ती विलीन झाली.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पाणलोटाचेच काम घ्या. डोंगरउतारावर समतल चर खणायला सरकारी यंत्रणा पुरेशी आहे. आखणी, मोजमाप, मजुरी सगळे तिला येते. पण ते चर गाळाने भरू नयेत, उतारावर गवत धरावे, तर तिथे चराईबंदी लागते. पाणी वाढणार ते खालच्या विहिरींना, म्हणजे ज्यांची जमीन आहे त्यांना. बंदी मात्र ज्याच्याकडे जमीन नाही आणि पाच-दहा शेळ्यांवर घर चालते, त्याच्यावर. त्याने शेळ्या कुठे न्यायच्या? कापून आणलेले गवत त्याला कोणत्या भावाने मिळेल? मजुरीत त्याच्या घराला पहिला हक्क मिळेल का? हे ग्रामसभेच्या एका ठरावाने मिटत नाही. त्यासाठी रात्री जेवणे आटोपल्यावर पुन्हा पुन्हा बैठका घ्याव्या लागतात, बायकांशी वेगळे बोलावे लागते, दोन वाड्यांमधले जुने भांडण समजून घ्यावे लागते. दोन-तीन गावे सांभाळणाऱ्या ग्रामसेवकाला एवढी सवड कुठून मिळणार? संस्थेला अनुदान द्यायचे ते या कामासाठी.

प्रत्यक्षात नेमका याच कामाला पैसा कमी पडतो. पाणलोट प्रकल्पांसाठी केंद्राने 2003 मध्ये काढलेल्या 'हरियाली' मार्गदर्शक सूचना पाहा. हेक्टरी 6,000 रुपये, साधारण 500 हेक्टरचा प्रकल्प, म्हणजे 30 लाख. त्यातले 85 टक्के कामांना, 10 टक्के प्रशासनाला आणि लोकसंघटन व प्रशिक्षण दोन्ही मिळून 5 टक्के. पाच वर्षांसाठी दीड लाख, म्हणजे वर्षाला 30 हजार. त्यात एक पूर्णवेळ कार्यकर्तासुद्धा ठेवता येत नव्हता. माझ्या मते संस्था खिळखिळ्या होण्याचे मोठे कारण हेच आहे. दगडमातीला पैसा आहे, माणूस जोडणाऱ्या माणसाला नाही.

याउलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. नाबार्डमार्फत चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, मग छोट्या क्षेत्रावर वर्ष-दीड वर्षाचा क्षमताबांधणीचा टप्पा, आणि तो नीट पार पडला तरच पूर्ण प्रकल्प. शिकण्याच्या या काळाचा खर्च कार्यक्रमातच धरलेला होता. राज्याच्या आदर्श गाव योजनेतही कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान अशा अटी गावाने आधी मान्य करायच्या असतात. हिवरे बाजार हे गाव याच योजनेत होते.

तुमची संस्था असेल, तर धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरचा क्रमांक एवढे तयार ठेवा. सरकारी पैसा हप्त्याने येतो आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. म्हणून हजेरीपट आणि पावत्या त्या-त्या दिवशीच लावा. हप्ता लांबला तर मजुरांची मजुरी अडते आणि वर्षभर मिळवलेला विश्वास आठवड्यात जातो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांची मजुरी भागेल एवढी गंगाजळी आधी जमवा. करारावर सही करण्यापूर्वी अंदाजपत्रकात कार्यकर्त्यांच्या मानधनाचा रकाना शोधा. तो नसेल, तर तो घालून घेण्याचा आग्रह लेखी धरा.