खिशातला कॅमेरा निवडताना

प्रश्न : रोज पर्समध्ये मावेल असा चपटा कॅमेरा हवा आहे. वापरलेल्या कॅमेऱ्यांत कॅननचा इक्सस २८५ आणि सोनीचा पहिला आरएक्स १०० पाहिला. दोन्ही २०.२ मेगापिक्सेलचे. मग कोणता घ्यावा?

उत्तर : मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा. खरा फरक सेन्सरमध्ये आहे. २०१२ साली आलेल्या आरएक्स १००चा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने इक्ससच्या सुमारे चौपट. शिवाय झूम न करता त्याची लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते, इक्ससची एफ/३.६ पर्यंतच. घरात, ट्यूबलाइटच्या उजेडात मुलं क्षणभर स्थिर बसत नाहीत, तिथे हे अंतर फोटोत स्पष्ट दिसतं. इक्ससची बाजूही भक्कम आहे : बारापट झूम, वाय-फाय आणि वजन जेमतेम १४७ ग्रॅम. आरएक्सचं वजन २४० ग्रॅम, झूम ३.६ पट आणि वाय-फाय नाही. दूरचे पक्षी टिपायचे असतील, तेही भर उन्हात, तर इक्सस बरा.

घेण्याआधी एक तपासणी कराच. बाहेर येणाऱ्या लेन्सबरोबर धूळ आत शिरते आणि सेन्सरवर बसते. पांढऱ्या भिंतीचा फोटो (आरएक्सवर एफ/११ ठेवून) काढून मोठा करून पाहा. काळपट ठिपके दिसले तर तो नग सोडा, कारण सफाईसाठी कॅमेरा उघडावा लागतो. लेन्स आतबाहेर होताना अडखळत नाही ना, हेही पाहा.

तुमचा वापर रोजचा आणि बहुधा घरचा असेल, म्हणून माझं मत आरएक्स १००ला.