पहिल्या तारखेचा वकील

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्याचे वडील न्यायालयाचे समन्स घेऊन आमच्याकडे आले. वाद स्मशानवाटेचा होता. जुनी वाट नांगरली गेल्याने अंत्ययात्रा शेजारच्या शेतातून न्यावी लागली आणि शेतमालकाने फौजदारीपात्र अतिक्रमणाची फिर्याद दिली. आरोपींत पितापुत्र दोघेही. "सर, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि मोकळे होतो," असे ते म्हणाले. मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता.

हे 'मोकळे होणे' आम्ही अनेकदा पाहिले आहे. दंड थोडा असतो, मजुरी बुडत नाही. परंतु कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि तिची नोंद चारित्र्य पडताळणीत समोर येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल पडले एवढ्यानेच हा गुन्हा होत नाही. अपराध करण्याचा, अथवा ताबेदाराला धाक दाखविण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. त्रास होईल याची जाणीव असणे आणि त्रास देण्यासाठीच जाणे यांत अंतर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने माथरी खटल्यात स्पष्ट केले. प्रेत खांद्यावर घेतलेल्या माणसाचा उद्देश काय होता, हा प्रश्न न्यायालयात विचारायला कोणीतरी हवा.

तो कोण विचारणार? १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत १५-अ हे नवे कलम मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२. अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्यात आहे. परंतु वकिलाची फी कोणी द्यावी, याचे उत्तर १९७६ मध्ये अनुच्छेद ३९-अ आल्यावर मिळू लागले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. "आम्ही बौद्ध, मग आम्हाला चालेल का?" असे त्या वडिलांनी विचारले. चालते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला सोबत ठेवावा.

अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करावा. दूरध्वनीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. वकील नेमला जाईपर्यंत तारखेला स्वतः हजर राहावे, वकिलासाठी अर्ज केल्याचे न्यायाधीशांना सांगावे आणि वेळ मागावी. गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. हा गुन्हा जामीनपात्र आहे; जामीनदार न मिळणाऱ्या निर्धन आरोपीला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूदही आहे. ताबेदाराशी तडजोड झाली तर तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. मात्र तडजोडीच्या कागदावर वकिलाच्या नजरेखालूनच सही करावी.

मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब टिकत नाही. सुक दास खटल्यातील आरोपींनी वकील मागितला नव्हता, कारण तसा हक्क आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. मोफत वकील म्हणजे कामचुकार वकील, असा आपल्याकडे समज आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर समितीकडे तक्रार करून बदली वकील मागता येतो.

अर्ज आम्ही शाळेच्या कार्यालयातच लिहून दिला. वकील मिळाले, दोघांनीही गुन्हा नाकारला आणि खटला चालू आहे. भरतीच्या अर्जात प्रलंबित खटल्याविषयीचा रकाना होता. मुलगा विचारायला आला, तेव्हा खरे तेच लिही, असे आम्ही सांगितले. त्याने तसेच लिहिले आहे.