गॅस किती सोडायचा?

'शिल्डिंग गॅस वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो' हे वाक्य आपण सगळ्यांनीच जर्नलमध्ये लिहून सही घेतली आहे. मीही घेतली. मग मे महिन्याच्या सुट्टीत घरी, काकांच्या शेडमधल्या मिग मशीनवर आजीच्या झोपाळ्याचा आडवा पाइप जोडायला बसलो. वेल्ड वरून ठीक दिसत होता, पण ग्राइंडर फिरवला तर आत नुसती जाळी!

गॅस कमी पडला असणार, म्हणून १० चे २५ लिटर केले. छिद्रं आणखी वाढली. काका म्हणाले, "अरे, नळ पूर्ण सोडला की पाणी कसं उसळतं?" तसंच इथे. प्रवाह फार वाढला की तो खळबळतो आणि आजूबाजूची हवाच आत ओढून घेतो. ढोबळ हिशोब असा : नोझलचा आतला व्यास जितके मिलिमीटर, साधारण तितके लिटर दर मिनिटाला. आमचं नोझल १२ चं. म्हणजे आधीचे १० काही फार चुकीचे नव्हते (फ्लोमीटरची गोळी मात्र ट्रिगर दाबून, गॅस वाहत असतानाच वाचायची, मी हे विसरायचो).

मग पहिली छिद्रं कशाने? टेबलफॅन! उकडतंय म्हणून मीच लावला होता. तो बंद केला, दार मात्र उघडंच ठेवलं. बंद खोलीत हा गॅस साचला तर जीव गुदमरतो. नोझलमधले चिकटलेले थेंब खरवडले, जुना वेल्ड पूर्ण कापून काढला आणि १२ लिटरवर पुन्हा जोडला.

झोपाळ्यावर आधी मी आणि काका बसलो. आजी दुसऱ्या दिवशी.