चार दिवसांत छापतो म्हणणाऱ्यांविषयी

देवणी

चि. भाचीस,

परवा फोनवर म्हणालीस, एका नियतकालिकाची मेल आलीय, चार दिवसांत निबंध छापतो म्हणतात, फक्त पैसे भरायचेत. तेव्हा बोलायला सुचलं नाही, म्हणून लिहितोय. पैसे भरू नकोस.

तीन वर्षं तू वलांडीकडच्या गोठ्यांत पहाटे धारेच्या वेळी उभी राहून देवणी गायींच्या दुधाच्या नोंदी घेतल्यास. ती वही चार दिवसांत तपासून होत नाही. चार दिवसांत ‘उत्तम’ म्हणणाऱ्यानं ती उघडलेलीच नसते.

हे मी भोगलंय. पदोन्नतीला गुण कमी पडत होते, तेव्हा मीही असाच निबंध छापून घेतला. तक्त्यातले दोन रकाने उलटे पडले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी वाचलंच नव्हतं. पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं. दोन उन्हाळ्यांची मेहनत गेली, त्याचं दुःख अजून आहे.

मान्य नियतकालिकांची यादी बघते म्हणशील, तर यूजीसीनं केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. तिच्याआधीची यादी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली होती. विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी पाहिली, त्यातली ८८ टक्क्यांवर निकृष्ट ठरली. २०१८च्या ‘करंट सायन्स’मध्ये ते आलंय, मुळातून वाच. म्हणून आता पारख तुझी तुलाच करायची. बाजारात बैल घेताना आपण झूल आणि गोंडे बघत नाही. दात बघतो, चालवून बघतो. तसे त्या नियतकालिकाचे मागचे दोन अंक वाच. एकाच अंकात पशुविज्ञान, वाणिज्य आणि योगासनं दिसली तर सोडून दे. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून विचार, तुम्ही खरंच इथे आहात का? आणि तू ज्यांचे संदर्भ घेतलेस ते निबंध कुठे छापलेत ते बघ. तुझा वाचक तिथंच आहे.

चांगल्या ठिकाणी पाठवलंस की परीक्षकाचे शेरे येतील. देवणीतला ‘वानेरा’ प्रकार कशावरून ठरवला, असं कुणी विचारेल. आपल्याकडे पांढरं अंग आणि तोंडाच्या बाजू काळ्या दिसल्या की शाळकरी पोरही वानेरा म्हणतं. पण देवणी कधी न पाहिलेल्या माणसाला ते कसं कळावं? किती जनावरं पाहिलीस, कुणी ओळखली, दोघांचं मत जुळलं नाही तेव्हा काय केलंस, सगळं लिही. अशा प्रश्नाचा राग धरू नकोस, त्यानंच निबंध पक्का होतो. प्रत्येक शेऱ्याखाली उत्तर दे; पटत नसेल तर कारण दे. नकार आला तर दुरुस्त करून दुसरीकडे पाठव, पण एका वेळी दोन ठिकाणी कधीच नाही.

घाईचं म्हणशील, तर यूजीसीच्या २०२२च्या पीएच.डी.च्या नियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का, तेवढं विभागात विचारून घे.

लेखकांच्या नावांचा क्रम गाईडशी आत्ताच बोलून घे. अवघड वाटेल, तरी बोल.

निबंध निघाला की त्याची दोन पानं मराठीत करून आण. ज्यांनी पहाटे गाय धरून दिली, त्यांना वाचून दाखवायला आपण दोघं जाऊ.

तुझा,
मामा