खोली करून राहताना

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळी परीक्षेतली गोष्ट. दुपारी साडेतीनच्या सुमारास दोन मुलांनी तिसऱ्याला ऑटोतून माझ्या दवाखान्यात आणले. मुलगा गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, नागपुरात खोली करून राहणारा. पेपर सुरू होऊन तास झाला नाही तोच बाकावरून खाली कोसळला होता. नाडी जलद, रक्तदाब कमी, जीभ कोरडी ठक्क. सलाईन लावले. तासाभराने तो बोलता झाला, तेव्हा मी विचारपूस केली.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"चहा, सर."

"आणि रात्री?"

"चहा-बिस्कीट."

"झोपला किती वेळ?"

"दोनला झोपलो, चारला उठलो."

"पाणी?"

तो ओशाळला. म्हणाला, "पेपरात लघवीला जावं लागू नये म्हणून पेलोच नाही, सर."

आजार शोधायला तपासण्यांची गरजच उरली नाही. या मुलाला रोग कोणताच नव्हता. त्याला फक्त कोणी 'जेव' म्हणणारे नव्हते.

त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मलाही नव्हता. विद्यार्थीदशेत मीही अशीच खोली केली होती. एका खानावळीतले माठाचे पाणी बिनदिक्कत प्यायलो आणि कावीळ घेऊन गावी परतलो. दीड महिना अंथरुणावर गेला आणि त्या वर्षीची परीक्षा हुकली. पुस्तके उशाशी होती, पण ती उघडायची ताकद नव्हती. अभ्यास डोक्याने होतो असे आपण म्हणतो, पण ते डोके ज्या शरीरावर बसवलेले आहे त्याचे भाडे आधी चुकते करावे लागते, हे मला तेव्हा कळले.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. तेव्हापासून भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडची मुले ट्रंक घेऊन या शहरात उतरत आली आहेत. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, तरी कोणी अभियांत्रिकीसाठी, कोणी स्पर्धा परीक्षेसाठी अजून येतेच. निघताना आई गादी देते, भांडी देते, चिवड्याचा डबा देते. पण घरी ती रोज न बोलता जी कामे करत होती, म्हणजे वेळेवर वाढणे, दिवा मालवायला लावणे, पाणी गाळून ठेवणे, ती काही ट्रंकेत घालून देता येत नाहीत. खोली करून राहणारा विद्यार्थी स्वतःचीच आई असतो आणि स्वतःचाच मुलगा. पहिली भूमिका बहुतेक जण विसरतात. आजचा लेख त्या भूमिकेच्या तालमीसाठी.

आधी पोटोबा

नागपूरच्या विद्यार्थ्याला तर्री-पोहे सोडा म्हणणारा डॉक्टर आपलेच दुकान बंद करून घेईल. मी तसे म्हणणार नाही. उलट पोह्यांवर हरभऱ्याची उसळ पडते ही उत्तम गोष्ट आहे. फक्त पोहेवाल्याला सांगा, "भाऊ, चना जास्त, तर्री कमी." वरून लिंबू पिळून घ्या. पोह्यांत आणि हरभऱ्यांत लोह असते, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ते अंगी लागते. मात्र त्यावर लगेच कटिंग चहा मारला, तर चहातली द्रव्ये तेच लोह अडवून धरतात. म्हणून चहा तासाभराने. मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पायऱ्या चढताना धाप लागते, वाचताना डोळ्यांपुढे अंधारी येते, केस गळतात, आणि आपण 'अभ्यासाचा ताण' म्हणून सोडून देतो. हिमोग्लोबिन तपासायला रक्ताचा एक थेंब पुरतो.

मेसच्या डब्यात वरण असते, पण कधी कधी डाळ शोधायला बोट बुडवावे लागते. ६५ किलो वजनाच्या मुलाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या मुलीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. त्यासाठी महागडे डबे आणि पावडरी नकोत. खोलीवर फुटाणे आणि शेंगदाणे यांची एकेक बरणी ठेवा. १०० ग्रॅम फुटाण्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. दही, अंडी, मोड आलेली मटकी, जे परवडेल ते रोज एकदा. हिवाळ्यात आंबिया बहाराची आणि पुढे मृग बहाराची संत्री बाजारात असतात, तेव्हा नागपुरात राहून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे म्हणजे नदीकाठी बसून बाटलीचे पाणी विकत घेणे झाले.

रविवारी रात्री मेस बंद असते. त्या रात्रीसाठी प्रत्येकाने एक पदार्थ शिकून ठेवावा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ आणि कापलेला एखादा कांदा-टमाटा. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिचडी तयार. सावजी रस्सा जरूर खा, पण निकालाच्या दिवशी. पेपरच्या आदल्या रात्री नको.

पाण्याबाबत मात्र थट्टा नाही. 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ दूषित पाण्याने आणि अन्नाने होते. पाण्याची खात्री नसेल तर ते खळखळून उकळा, झाकून ठेवा, आणि भांड्यात हात न बुडवता ओगराळ्याने काढा. कावीळ झालीच, तर गावठी जडीबुटीच्या मागे धावू नका. यकृताला विश्रांती हवी असते, नवे ओझे नको.

चहा, झोप आणि पाठांतर

रात्री दहाला घेतलेल्या चहा-कॉफीतले निम्मे कॅफीन पहाटे तीनपर्यंत अंगात असू शकते. म्हणजे तुम्ही झोपता तेव्हा चहा जागा असतो. संध्याकाळी पाचनंतर चहा नको, हा साधा नियम.

"पण सर, जागलो नाही तर पोर्शन संपणार कसा?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर जुने आहे. नागपूर विद्यापीठ सुरू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२४ साली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या. कधी पाठांतरानंतर झोपू दिले, कधी जागे ठेवले. तितक्याच तासांनी विचारल्यावर झोपेनंतर जास्त आठवले आणि जागरणानंतर कमी. पुढे असे कितीतरी प्रयोग झाले आणि आज आपल्याला माहीत आहे, की दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसवण्याचे काम झोपेत चालते. रात्रभर जागून वाचणे म्हणजे धान्य आणून अंगणात ओतणे आणि कोठीला कुलूप लावून ठेवणे.

तेव्हा रात्री सात तास झोप. मोबाईल उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला. गजर झाला की उठून चालत जावे लागते, हा दुसरा फायदा. दुपारी वीस मिनिटांची डुलकी चालेल, पण दोन तासांची नको.

नागपूरचे ऊन आणि कूलर

आपल्या उन्हाळी परीक्षा नेमक्या भट्टीच्या दिवसांत येतात. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा उन्हात खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कांद्यावर माझा राग नाही, पण तो खिशात ठेवून लू अडत नाही. तो जेवताना खा आणि खिशाऐवजी बाटलीची सोय करा.

घशाला कोरड पडायची वाट न पाहता पाणी प्या. पेपरच्या दोन तास आधी दोन ग्लास, मग सावकाश घोट घोट. आत जाण्याआधी लघवी करून घ्या, म्हणजे आमच्या गोंदियाच्या मुलाची भीती उरणार नाही. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला, तर पाणी कमी पडते आहे असे समजा. ताक, पन्हे, लिंबूसरबत उत्तम. जुलाब किंवा उलट्या झाल्यास ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, भाजीचा नव्हे.

मित्राचे अंग तव्यासारखे तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि तसेच रुग्णालयात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता कूलर. विदर्भातल्या खोलीत कूलर म्हणजे जीव की प्राण, आणि दुर्लक्ष केले तर जीवावरचा. कूलरचा शॉक लागून मृत्यू, ही बातमी दर उन्हाळ्यात आपण वाचतो. बहुतेकदा माणूस चालू कूलरमध्ये पाणी भरत असतो, पाय ओले असतात आणि पत्रा धरलेला असतो. म्हणून पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करू नका, पिनच काढून ठेवा. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग वापरा. जोड दिलेली वायर कूलरला लावू नका. घरमालक पत्रा हलवून 'काही होत नाही' म्हणाले, तरी इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय कूलर सुरू करू नका.

पाऊस लागला की त्याच कूलरच्या टाकीत डेंग्यूचे डास होतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर रविवारी टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासा, कारण अंडी कडेला चिकटून कोरडीच महिनोन्महिने टिकतात. पावसाळ्यात ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज अंगदुखीची दुसरी गोळी मनाने घेऊ नका. काही गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मनाचे काय?

आता त्या मुलाकडे परत येऊ. सलाईन संपले, मित्र चहा प्यायला गेले, पण हा उठेना. म्हणाला, "सर, बाबांना सांगू नका." मग हळूहळू सगळे बाहेर आले. मागच्या सत्राचे दोन विषय राहिले होते आणि ते घरी ठाऊक नव्हते. बापाने धान विकून खोलीचे भाडे भरले होते. आता हाही पेपर गेला. "घरी कोणत्या तोंडानं जाऊ?" असे तो म्हणाला, आणि हे वाक्य ऐकले की डॉक्टरने घड्याळ पाहायचे नसते.

मी त्याला माझ्यासमोरच फोन लावायला सांगितला. त्याने अडखळत सगळे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग खणखणीत आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका:

"पेपर गेला त जाऊ दे बाबू. तू जेवला काय?"

मुलगा रडला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मनात जो रागीट बाप बसला आहे, तो पुष्कळदा खऱ्या बापापेक्षा फार कडक असतो. रोज एकदा घरी फोन करा, आणि फक्त 'सगळं ठीक आहे' सांगण्यासाठी नको. दोन आठवडे उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आळस नाही, आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. जगणे नको वाटले, तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगा. १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास लागतो. आणि तुमचा खोलीमित्र असे काही बोलला, तर त्याला हसू नका, एकटे सोडू नका.

आई-वडिलांनाही एक विनंती. फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा विचारू नका. तो दुसरा विचारा.

कापून भिंतीवर लावा

१. न खाता खोलीबाहेर पडायचे नाही.
२. फुटाणे-शेंगदाण्यांची बरणी रिकामी होऊ द्यायची नाही.
३. पाणी उकळून, झाकून. उन्हात बाटली सोबत.
४. पाचनंतर चहा बंद, रात्री सात तास झोप.
५. कूलरची पिन काढल्याशिवाय पाणी भरायचे नाही.
६. रविवारी तीन कामे: कूलरची टाकी घासणे, खिचडी टाकणे, आठवड्याचे कपडे धुणे.
७. रोज घरी एक फोन, खरा.

तो मुलगा हिवाळी परीक्षेत तिन्ही विषय सुटला. पेढे घेऊन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी पेढा तोंडात टाकण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारला. तुम्ही ओळखला असेलच.

"हो सर," तो म्हणाला, "जेवूनच आलो."