थंड प्रदेशात मोटार नेण्यापूर्वीची तयारी

सुगी आटोपून हाती थोडी सवड आली की आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे हल्ली उत्तरेकडील बर्फ पाहण्यास निघतात. पूर्वी हा प्रवास आगगाडीने होत असे. आता पुष्कळ जण घरचीच मोटार घेऊन थेट मनालीस किंवा श्रीनगरास जातात. ता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर रोहतांग खिंडीपलीकडील लाहौल प्रांतही भर हिवाळ्यात मोटारीच्या आटोक्यात आला आहे. प्रवासाची ही हौस स्तुत्य आहे यात संशय नाही. परंतु उन्हाळ्यात इंजिन तापू नये एवढीच काळजी ज्यांनी आजवर घेतली, त्यांस ते गोठू नये म्हणून काय करावयाचे, याची बहुधा कल्पना नसते. ती द्यावी एवढ्याचसाठी हा लेख आम्ही लिहीत आहो.

आरंभी एक अनुभव सांगतो. आमच्या मंडळाचे एक सभासद गेल्या वर्षी पौष महिन्यात मुलाबाळांसह मनालीस गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मोटार सुरू झाली, पण पाच मिनिटांतच इंजिन तापले व खालून पाणी गळू लागले. थंडीत इंजिन तापावे याचे त्यांस मोठे नवल वाटले. कारिगराने उघडून पाहिले तेव्हा रेडिएटर फुटलेला आढळला. कारण साधे होते. मागील दोन उन्हाळे रेडिएटरातील पातळी उतरली की ते विहिरीचे पाणी वरून घालीत असत. त्यामुळे आतील कूलंट पातळ होत होत जवळजवळ नुसते पाणीच उरले होते. आपल्या गावी याने काही बिघडले नाही. मनालीच्या एका रात्रीने मात्र दोन वर्षांची बाकी एकदम वसूल केली. थंडी नवा बिघाड करीत नाही, जुनी हयगय उघड करते, हे या लेखाचे सार होय. आणि म्हणूनच तयारी ही घरी, निघण्यापूर्वी करावयाची असते.

१. रेडिएटरातील पाणी

पाणी गोठताना आकुंचन न पावता फुगते. १०० लिटर पाण्याचे बर्फ झाले म्हणजे त्यास सुमारे १०९ लिटर जागा लागते. बंद जागेत ही वाढ झाली की लोखंडही तडकते. हे टाळण्यासाठी पाण्यात एथिलीन ग्लायकोल नावाचा द्रव मिसळतात. बाजारात त्यासच कूलंट म्हणतात. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल असे मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. ग्लायकोल एकतृतीयांश असल्यास ही मर्यादा उणे १८ अंशांच्या आसपास येते, आणि दहावा हिस्साच असल्यास उणे ४ अंशांतच बर्फ धरू लागते. जितके अधिक घालू तितके चांगले, असाही कित्येकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. निव्वळ ग्लायकोल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठते. निम्मे प्रमाण हेच सामान्यतः योग्य.

द्राक्षबागाईतदार मण्यांतील गोडी पाहण्यासाठी ज्या जातीचे मापक वापरतात, त्याच तत्त्वावरचे मापक कूलंटसाठीही मिळते. दोन थेंबांत मिश्रणाची गोठण्याची मर्यादा कळते. कारखान्यात जाऊन ही परीक्षा करवून घ्यावी. मिश्रण पातळ असल्यास वरून भर न घालता सर्व काढून टाकून नवे भरावे, आणि त्यात विहिरीचे क्षारयुक्त पाणी न घालता शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. दोन निरनिराळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे.

येथे एक इशारा अगत्याने द्यावयाचा आहे. ग्लायकोल चवीस गोड पण भयंकर विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात वा गोठ्याजवळ ओतल्यास कुत्री व जनावरे ते चाटतात आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती दगावतात. ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. घरात लहान मुले असतात.

२. इंधन

पेट्रोल आपल्या देशातील थंडीत गोठत नाही. डिझेलची गोष्ट वेगळी आहे. त्यात स्वभावतःच मेणाचा अंश असतो. खोबरेल तेल थंडीत बाटलीत थिजते, हे प्रत्येक घरी पाहिलेले असते. तद्वत् डिझेलमधील मेणाचे बारीक कण थंडीत वेगळे होतात व गाळणीत अडकून इंजिनास इंधन पोहोचू देत नाहीत. टाकी भरलेली असूनही गाडी उपाशी राहते.

गाळणीतून डिझेल वाहणे ज्या अंशावर थांबते, ती मर्यादा भारतीय मानकाने साध्या डिझेलास हिवाळ्यात ६ अंश व उन्हाळ्यात १८ अंश यांहून वर नसावी, एवढीच अट घातली आहे. प्रत्यक्ष मिळणारे डिझेल याहून बरे असू शकते, परंतु मैदानातील पंपावर भरलेले डिझेल उणे १० अंशांच्या रात्री वाहीलच, असा भरवसा धरता येत नाही. याच अडचणीमुळे इंडियन ऑइल कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल सुरू केले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते.

सबब डोंगर चढताना मैदानातील डिझेलने टाकी काठोकाठ भरून नेऊ नये. ते संपत येईल असा हिशेब ठेवून वरच्या थंड मुलखातील पंपावर हिवाळी डिझेल आहे काय ते विचारावे व तेथे टाकी भरावी. मुक्कामी मात्र टाकी रिकामी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतील हवेचे दव होऊन पाणी डिझेलात उतरते. निघण्यापूर्वी डिझेलची गाळणी बदलावी व तिच्या तळाशी साचलेले पाणी काढून टाकावे.

जुने चालक डिझेलात घासलेट मिसळीत असत. ता. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांनुसार बनलेल्या इंजिनांत हा प्रयोग करू नये. त्यांचे नाजूक पंप त्याने खराब होतात. टाकीखाली जाळ करण्याची रीतही डोंगरी रस्त्यांवर दिसते. तिचे अनुकरण कोणीही करू नये. गाडी उन्हात किंवा आडोशाच्या जागी नेऊन थांबणे हाच निर्धोक उपाय होय.

ज्या डिझेल गाड्यांस धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते, त्यांच्या चालकांनी ते उणे ११ अंशांवर गोठते हे लक्षात ठेवावे. गाडीतच ते वितळविण्याची सोय असल्याने भिण्याचे कारण नाही. मात्र घरचा युरिया पाण्यात कालवून कधीही घालू नये. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचे लेपन असते, व तेवढ्याने सर्व यंत्रणा बिघडते.

३. इंजिनचे तेल आणि बॅटरी

थंडीत तेल दाट होते, म्हणून इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची शक्ती कमी झालेली असते. भारी औत आणि थकलेला बैल अशी ही जोडी असल्याने सकाळी गाडी सुरू होत नाही.

तेलाच्या डब्यावर १५ डब्ल्यू ४० असे आकडे असतात. त्यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे दर्शक आहे, व त्यामागील आकडा जितका लहान तितके तेल थंडीत पातळ राहते. इंजिन थंड असता फिरविण्याची परीक्षा २० डब्ल्यू तेलाची उणे १५ अंशांवर, १५ डब्ल्यूची उणे २० वर, १० डब्ल्यूची उणे २५ वर व ५ डब्ल्यूची उणे ३० वर घेतात. आपल्या पुस्तिकेत ज्या तेलांस मुभा असेल, त्यांपैकी लहान आकड्याचे तेल निघण्यापूर्वी भरून घ्यावे.

बॅटरीची इंजिन फिरविण्याची शक्ती शून्य अंशावर सुमारे एकतृतीयांशाने घटते, व उणे १८ वर निम्म्याहूनही कमी उरते. पूर्ण भारलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांवरही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे १० च्या आसपासच गोठून तिची पेटी फुटते. चार वर्षांची जुनी बॅटरी असेल तर तिची भाराखाली परीक्षा करवून घ्यावी आणि ती कमी भरल्यास घरीच बदलावी. जोडाच्या टोकांवरील पांढरी-हिरवी बुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी व वर व्हॅसलीन लावावे. दुसऱ्या गाडीवरून वीज घेण्याच्या जाड तारा बरोबर असाव्यात.

४. चाके

हवा थंड झाली की आकसते. उष्णता दर ५ ते ६ अंशांनी उतरली म्हणजे टायरमधील दाब सुमारे १ पौंडाने उतरतो. नाशकात दुपारी ३० अंशांत ३२ पौंड भरलेले टायर उणे १० अंशांत २६ च्या आसपास येईल. उंचीवर बाहेरील हवा विरळ असल्याने मापकावरचा आकडा उलट वाढतो; म्हणून घरच्या आकड्यावर विसंबून न राहता मुक्कामाच्या गावी, सकाळी गाडी हलविण्यापूर्वी दाब तपासून घ्यावा. निसरड्यावर पकड वाढेल म्हणून मुद्दाम हवा कमी करू नये.

उष्णता ७ अंशांखाली गेली की साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड कमी होते. खाचा निदान ४ मिलिमीटर खोल असाव्यात. बर्फाच्या रस्त्यासाठी चाकांस बांधावयाच्या साखळ्या घ्याव्यात. इंजिन ज्या चाकांस फिरविते त्याच चाकांवर त्या चढवाव्या लागतात, व बहुतेक लहान मोटारींत ती पुढची चाके असतात. साखळ्या घरच्या अंगणात एकदोनदा बांधून पाहाव्यात. बोटे बधिर झाली असता, अंधारात, प्रथमच त्या बांधणे फार कठीण जाते. साखळ्या घालून ताशी ४० किलोमीटरच्या आत चालावे व कोरडा रस्ता लागताच त्या काढाव्यात.

पुलांवर, बोगद्याच्या तोंडाशी व डोंगराच्या सावलीत रस्त्यावर पातळ, पारदर्शक बर्फ असते. ते ओल्या डांबरासारखे दिसल्याने चालक फसतो. अशा जागी गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकते. ब्रेक, गती व वळण यांपैकी काहीही एकाएकी करू नये. चिखलाच्या वाटेने भरली गाडी हाकताना बैलांस हिसका देत नाहीत, तेच तत्त्व येथेही पाळावे.

५. रात्रीचा मुक्काम

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवल्यास तो गोठून चाके जखडू शकतात. सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवावी व चाकांस दगडाची ओट लावावी. काच पुसणारे दांडे उचलून ठेवावेत. काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी नसावे, न गोठणारा द्रव असावा. सकाळी काचेवरील बर्फ खरवडून काढावे. त्यावर कढत पाणी ओतल्यास काच तडकते. आतून काचेवर वाफ धरत असल्यास गरम हवेबरोबरच वातानुकूलन यंत्रही चालू करावे. ते हवेतील ओल शोषून घेते.

६. बर्फात अडकल्यास

ता. ७ व ८ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या गावी मोठी हिमवृष्टी होऊन हजारो गाड्या अडकल्या, आणि वीसहून अधिक माणसे गाड्यांतच मृत झाली. बर्फाने धुराची नळी बुजून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू आत शिरल्याने त्यांतील कित्येकांचा अंत झाला, असे त्या वेळी सांगण्यात आले. तीही बर्फ पाहण्यास आलेली कुटुंबेच होती. या वायूस वास नाही, रंग नाही. माणसास झोप येते व तो उठत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली असता आपल्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया दार किलकिले ठेवण्याचा आग्रह धरतात, त्याचे कारण हेच होय.

म्हणून गाडी अडकल्यास प्रथम धुराच्या नळीभोवतालचे बर्फ फावड्याने काढावे, आणि पुन्हा साचल्यास पुन्हा काढावे. इंजिन तासातून दहा मिनिटेच चालवावे व तेवढ्या वेळात वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी. इंजिन चालू असता सर्वांनी एकदम झोपू नये. एकाने जागे राहावे. कोळशाची शेगडी गाडीत पेटवू नये. गाडी सोडून हिमवृष्टीत पायी निघू नये. यासाठी घोंगड्या, पाणी, भाकरी-चटणी वा गूळ-शेंगदाणे, विजेरी, फावडे, दोर, आणि चाकाखाली टाकण्यास एक लहान पोते वाळू, एवढे सामान गाडीत असावे. यातील बहुतेक वस्तू शेतकऱ्याच्या घरी असतातच. त्या बरोबर घेण्याची आठवण तेवढी पाहिजे.

सारांश, निघण्यापूर्वी एक महिना कूलंट व बॅटरी तपासावी. पंधरा दिवस आधी तेल व गाळण्या बदलाव्यात. आठ दिवस आधी साखळ्या बांधून पाहाव्यात. व निघण्याच्या आदल्या दिवशी वरील सामान भरावे. काश्मीरात ता. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्ला-ए-कलान हा कडक थंडीचा काळ असतो. त्या काळात जाणाऱ्यांनी रस्ता उघडा असल्याची चौकशी रोज सकाळी करावी, आणि तेथील लोक पुढे जाऊ नका म्हणाले तर त्यांचे ऐकावे. निफाडकडील बागाईतदार थंडीची लाट येण्यापूर्वीच बागेत शेकोट्यांचे सरपण रचून ठेवतात. घड तडकल्यावर सरपण शोधीत बसत नाहीत. बागेसाठी जी दूरदृष्टी आपण दाखवितो, तीच ज्या गाडीत आपली मुलेमाणसे बसावयाची तिच्यासाठीही दाखवावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.