सुके आणि सुकवलेले : इंग्रजी विशेषणांच्या काही अर्थच्छटा

मराठी आणि इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून पाहिले, तर नामे बहुधा एकमेकांना भेटतात. विशेषणे मात्र हुलकावणी देतात. 'नदी', 'होडी', 'मासा' यांचे प्रतिशब्द चटकन सापडतात. पण 'गरीब', 'साधा', 'खारा', 'सुका' या नित्याच्या शब्दांचे इंग्रजी रूप विचारले, की उत्तर एक नसते. आणि चुकीचे उत्तर निवडले, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही भलतेच बोलते. आपल्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीची निवेदने आणि मुलाखती यांत इंग्रजीतून स्वतःविषयी सांगावे लागते. त्या वेळी ती कोणती विशेषणे वापरतात, याचा विचार केवळ गुणांसाठी करावयाचा नाही.

प्रारंभ आपल्या किनाऱ्यावरूनच करू. समुद्राचे पाणी खारे, मीठ जास्त पडलेली आमटी खारट, आणि मिठात मुरवलेला बांगडाही खाराच. इंग्रजीत हे तीन निरनिराळे शब्द होतात : 'सॉल्ट वॉटर', 'सॉल्टी करी', 'सॉल्टेड मॅकरेल'. पहिला शब्द पाण्याची जात सांगतो, दुसरा जिभेचा अनुभव सांगतो आणि तिसऱ्याच्या मागे मीठ लावणारा हात उभा असतो. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी धड गोडे नाही, धड खारे नाही, अशा वेळी आपण 'मचूळ' म्हणतो. त्याला इंग्रजीत 'ब्रॅकिश' असा नेमका शब्द आहे. येथे दोन्ही भाषा तुल्यबळ आहेत. मराठीत छटा नाहीत, असा समज कोणी करून घेऊ नये.

तीच गोष्ट सुक्याची. उन्हात वाळलेला टॉवेल 'ड्राय', परंतु बोंबील, सोडे, सुकट ही 'ड्राइड फिश'. दुकानांच्या पाट्यांवर 'ड्राय फिश' असेच सर्रास लिहिलेले असते आणि गिऱ्हाइकाला ते कळते. त्या पाटीशी माझे भांडण नाही. परंतु 'ड्राइड' या रूपात एक जादा माहिती आहे. ही वस्तू मुळात ओली होती आणि कोणीतरी ती उन्हात घातली. 'ड्राय' केवळ अवस्था सांगतो; 'ड्राइड' त्या अवस्थेचा इतिहास सांगतो. मराठीत हाच भेद 'सुके' आणि 'सुकवलेले' या दोन शब्दांत आहे.

अशी विशेषणे क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधितापासून बनतात. त्याच क्रियापदाचे 'इंग'कारान्त रूप नेमके उलट्या दिशेने पाहते. कंटाळलेला विद्यार्थी 'बोअर्ड' असतो, कंटाळा आणणारा तास 'बोअरिंग'. 'आय ॲम बोअरिंग' असे लिहिणारा मुलगा नकळत स्वतःचीच निंदा करीत असतो. अर्थात प्रत्येक धातुसाधितामागे दुसरा कोणी कर्ता असतोच असे नाही. 'रिटायर्ड' माणूस पुष्कळदा आपल्या पावलांनीच घरी आलेला असतो.

आता हाच नियम अशा शब्दांना लावून पाहू, ज्यांच्याशी आपल्या समाजाचा एक शतकाहून अधिक काळ संबंध आहे. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' स्थापन केले. 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली दाबलेला. आजच्या विद्यार्थ्याला या शब्दाने प्रथम मनोविकार आठवतो आणि 'खिन्न वर्ग' असे भाषांतर वाचावयास मिळते; म्हणून जुना अर्थ मुद्दाम सांगावा लागतो. हा शब्द दाबले गेल्याचे सांगतो खरा, पण दाबणाऱ्याविषयी मौन पाळतो. सखल जमिनीलाही इंग्रजीत 'डिप्रेस्ड' म्हणतात, आणि तिथे अपराधी कोणीच नसतो. 'सप्रेस्ड' हा शब्द गांधीजी वापरीत. त्यात डोके वर काढू न देण्याचा भाव आहे. 'ऑप्रेस्ड' मात्र सत्तेचा जुलूम स्पष्ट सांगतो, आणि हा शब्द उच्चारला की 'ऑप्रेसर' कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मराठीतही हेच घडले. मिशनच्या मराठी नावात 'निराश्रित' हा शब्द होता. त्यात आश्रय नसल्याची उणीव आहे, कर्ता नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली सभा काढली ती 'बहिष्कृत हितकारिणी' आणि १९२७ साली पत्र काढले ते 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हणताच बहिष्कार टाकणारा समोर येतो. 'दलित' हाही असाच, दळला वा चिरडला गेलेला, हा अर्थ पोटात बाळगणारा शब्द आहे.

'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव अवमानकारक आहे, असे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी पुरवणी निवेदनात लेखी नोंदविले. त्याऐवजी त्यांनी 'नॉन-कास्ट', 'प्रोटेस्टंट' अथवा 'नॉन-कन्फॉर्मिस्ट' हिंदू अशी नावे सुचविली. पहिले विशेषण जातिव्यवस्थेबाहेरचे स्थान सांगते. परंतु पुढील दोन पाहा : दाबलेला माणूस येथे निषेध करणारा, रूढी न मानणारा माणूस झाला आहे, कर्म होते ते कर्ता झाले. सूचना मान्य झाली नाही. १९३५ च्या कायद्यात आले ते 'शेड्यूल्ड कास्ट्स', म्हणजे अनुसूचीत, यादीत नोंदलेल्या जाती. हे विशेषण निर्विकार आहे. त्यात ना दया, ना आरोप. त्याच वर्षी येवल्यास आणि पुढे १९५६ साली नागपुरास जे घडले, ते माझ्या मते केवळ विशेषण बदलून भागत नाही, नामही बदलावे लागते, या जाणिवेचेच टोक होते.

'बॅकवर्ड' या शब्दाची कहाणी वेगळी आहे. तो धातुसाधित नाही. मागे असणे एवढेच तो सांगतो, मागे कोणी ठेवले ते सांगत नाही. तरीही संविधानात तो अत्यंत विचारपूर्वक आला. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले, की राखीव जागांच्या तरतुदीत 'बॅकवर्ड'सारखे मर्यादा घालणारे विशेषण नसेल, तर अपवादच समान संधीच्या मूळ नियमाला गिळून टाकील. आजच्या अनुच्छेद १६(४) मध्ये ते विशेषण आहे. तेथे ते 'क्लास' या नामाला लागले आहे, आणि म्हणून तो हक्काचा शब्द आहे. 'आय कम फ्रॉम अ बॅकवर्ड फॅमिली' असे मूल लिहिते, तेव्हा शब्द तोच राहतो, पण हक्क निघून जातो आणि उरतो तो घरच्या माणसांवरचा शेरा.

'पुअर' या शब्दाचेही असेच. मराठीत 'माझी आई फार गरीब आहे' याचा अर्थ ती शांत, कोणाच्या अध्यात मध्यात नसलेली आहे, असाही होतो. इंग्रजीत त्यासाठी 'जेंटल' हवे. 'पुअर' नामापूर्वी आला तर 'बिचारा' असा सूर निघतो, आणि 'पुअर स्टुडंट' म्हणजे अभ्यासात कच्चा असाही अर्थ होतो. 'नीडी' हा शब्द देणाऱ्याच्या खुर्चीवरून पाहतो. 'सिंपल' हे साध्या राहणीला शोभते; माणसाला लावताना जपावे, कारण त्यात बुद्धीने मंद अशी छटा येऊ शकते.

शंका आली की मुलांनी विरुद्धार्थी शब्द शोधावा. 'फ्रेश' मासळीच्या विरुद्ध शिळी किंवा सुकवलेली, पण 'फ्रेश' पाण्याच्या विरुद्ध खारे. म्हणून 'फ्रेशवॉटर फिश' म्हणजे ताजी मासळी नव्हे, गोड्या पाण्यातली. अष्टांगिक मार्गातील 'सम्मा'साठी इंग्रजीत 'राइट' रूढ आहे, कारण पालीत त्याच्या विरुद्ध 'मिच्छा' आहे, म्हणजे 'राँग'. कोणी 'परफेक्ट'ही योजतात. पण मग त्याच्या विरुद्ध 'इम्परफेक्ट' येईल, आणि मिथ्या दृष्टी ही अपुरी दृष्टी नव्हे.

पालकांना एक विनंती. पाल्याचा इंग्रजी अर्ज पाठविण्यापूर्वी त्याला तो मराठीत अर्थ सांगत वाचावयास लावा. वडील मासेमारीच्या होडीवर काम करतात, वार्षिक उत्पन्न इतके आहे, घरात महाविद्यालयात जाणारी मी पहिलीच, अशी वाक्ये त्यात असतील, तर 'पुअर', 'सिंपल' आणि 'बॅकवर्ड' ही तिन्ही विशेषणे खोडून पाहावीत. बहुतेक वेळा त्यांच्या जागी दुसरे काही लिहावेही लागत नाही.